कांचपेटींतील नवे मासे कां मरतात ?

शिरूर आणि दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांचीं गांवें. एक घोडनदीच्या कांठीं वसलेलें, दुसरें भीमेच्या. दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले. तेव्हां पाण्याचें मोल येथील मनुष्याला कोणीं शिकवावें असें नाहीं. विहीर किती परस खोल, तिचें पाणी गोडें कीं मचूळ, त्यांत डाळ शिजते कीं नाहीं, हें येथील गृहिणी नुसत्या चवीवरून सांगेल. परंतु याच घरांतून हल्लीं एक असा प्रसंग घडतो, कीं त्यापुढें हें पिढीजाद ज्ञान थिटें पडतें. मुलांच्या हट्टास्तव माशांची कांचपेटी घरीं येते. पुण्यामुंबईहून चारसहा रंगीत मासे पिशवींतून आणले जातात. दोन दिवस सारें घर त्या पेटीभोवतीं गोळा होतें. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक मासा तळाशीं बसूं लागतो. पंधरवड्याच्या आंत पेटी ओस पडते. पाणी तर आरशासारखें निर्मळ दिसत असतें, खाणें वेळेवर घातलेलें असतें, माशांच्या अंगावर जखम नसते कीं ठिपका नसतो. मग कोणी दुकानदाराला बोल लावतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो, आणि घरावरचें गंडांतर माशांनीं आपल्या अंगावर घेतलें, अशीही समजूत काढली जाते. ज्या मुलानें त्या माशांना नांवें दिलेलीं असतात, त्याला मात्र यांतील एकही उत्तर पुरत नाहीं.

त्या मुलाच्या प्रश्नाला खरें उत्तर आहे. तें मिळवावयास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि अखेर तें जेथें सांपडलें त्या ठिकाणाचा माशांशीं वरवर पाहतां कांहींच संबंध नव्हता. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण ती कळली म्हणजे मृत्यूचें कारण कळतें, आणि त्यावरचा उपायही कळतो.

माशांची हौस आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा समुद्रांतला, कोणता गोड्या पाण्यांतला, कोणाला काय चारावें, गळाला आमिष कोणतें लावावें, याची माहिती त्यांत दिलेली आहे. चीन देशांत सुंग राजवटींत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान, सोनेरी मासा माणसाळला. सतराव्या शतकांत तो युरोपांत पोहोंचला. तळ्यांत पाळलेले मासे जगत, आणि ते कां जगतात हा प्रश्न सहसा कोणास पडत नसे. तळें मोठें असे. तळाशीं वर्षानुवर्षांचा गाळ, कडेला शेवाळ आणि कमळें, वरून दर पावसाळ्यांत नवें पाणी. जें काम पुढें शास्त्रज्ञांना उकलावें लागलें, तें तो गाळ मुकाट्यानें करीत होता. प्रश्न उभा राहिला तो मासा तळ्यांतून उचलून कांचेच्या भांड्यांत ठेवल्यावर.

शिरूरचा माशांच्या शास्त्राशीं एक जुना संबंध आहे, तो येथें सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शिरूर येथें इंग्रज फौजेची मोठी छावणी होती. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याला १८२४ सालीं मुंबई सरकारनें दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. गांवें, पिकें आणि हवामान यांच्या नोंदी करतां करतां त्यानें येथील पशुपक्षी व मासेही टिपून ठेवले, आणि १८३८ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढें दख्खनच्या माशांवरील आपला निबंध मांडला. शिरूरजवळ घोडनदींत मिळालेल्या एका मोठ्या माशाची ‘मुसुल्ला’ या नांवानें त्यानें नोंद केली. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेला त्याचा ‘खुद्री’ आज दख्खनचा महसीर म्हणून प्रसिद्ध आहे. आणि ‘शिंगटी’ हें नदीकांठच्या लोकांच्या तोंडचें नांव तर त्यानें जसेंच्या तसें शास्त्रीय नांवांत घेतलें. भीमेच्या खोऱ्यांतील मासे याप्रमाणें जगाच्या शास्त्रीय वहींत शिरले. मात्र तें शास्त्र मेलेल्या माशाचें होतें. लांबी-रुंदी घ्यावयास, पर आणि खवले मोजावयास मेलेला मासा पुरतो. तो जगतो कशावर, हें सांगावयास तो पुरत नाहीं.

जिवंत जलचर पाहण्याची सोय त्याच दशकांत दुसरीकडे होत होती. १८३२ सालच्या सुमारास सिसिली बेटावरील मेसिना शहरीं झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच विदुषीनें समुद्रांतील प्राणी जवळून पाहावयाचे म्हणून कांचेच्या पेट्या करविल्या. अर्गोनॉट नांवाचा प्राणी आपलें कवच दुसऱ्याकडून बळकावीत नसून स्वतःच बनवितो, हें तिनें अशा निरीक्षणानें सिद्ध केलें. साधन मिळालें, आणि त्याबरोबरच त्यांतील प्राणी जिवंत कसा ठेवावा ही विवंचनाही सुरू झाली.

पहिला संशय हवेवर गेला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानें १७७१ सालीं असें पाहिलें होतें कीं, मेणबत्ती जळून निकामी झालेली कोंडलेली हवा पुदिन्याची फांदी ठेवल्यानें पुन्हा ताजी होते. यान इंगेनहाउस यानें १७७९ सालीं दाखविलें कीं, वनस्पति हें काम उजेडांतच करतात. हाच धागा पकडून लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ सालीं सुमारें १२ गॅलनांच्या भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे सोडले, आणि वॅलिस्नेरिया नांवाची फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पति लावली. याच जातकुळीची वनस्पति आपल्या दख्खनच्या नद्यांतही वाढते. वनस्पतीनें माशाला प्राणवायु पुरवावा, माशानें वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड वायु द्यावा, आणि दोघांचा संसार चालावा, असा त्याचा हिशेब होता. तो थोडा चुकला. वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां वॉरिंग्टननें पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन फस्त केलीं, आणि पाणी न बदलतां मासे जगले. १८५० सालीं हा वृत्तांत लंडनच्या रसायन मंडळापुढें आला.

पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें दालन उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें ‘द ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि इंग्लंडांत कांचपेट्यांचें वेडच पसरलें. पण वॉरिंग्टनचा तोल साधणें वाटतें तितकें सोपें नव्हतें. दहापंधरा वर्षांत तें वेड ओसरलें. वॉरिंग्टनच्या प्रयोगांत खरी सूचना होती ती गोगलगायींत. पाण्यांत हवा पुरेशी आहे कीं नाहीं एवढ्यावर भागत नाहीं. पाण्यांत जें कुजतें त्याची विल्हेवाट कोण लावतो, हेंही पाहावें लागतें. ही सूचना कांचपेटीवाल्यांनीं नव्हे, तर मैलापाण्याचा आणि शेतखताचा विचार करणाऱ्यांनीं पुढें नेली.

त्या काळीं युरोपांतील वाढत्या शहरांना सांडपाण्याचें काय करावें ही चिंता होती, आणि शेतकीच्या शास्त्रज्ञांना खतांतील नत्राचें जमिनींत काय होतें हें जाणून घ्यावयाचें होतें. १८७७ सालीं श्लोएसिंग व म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एका उंच नळींत वाळू आणि चुनखडी भरली, आणि तींतून मैलापाणी हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें २० दिवस कांहींच घडलें नाहीं. वरून घातलेल्या पाण्यांतला अमोनिया खालून तसाच बाहेर पडे. नंतर खालच्या पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें, आणि अमोनिया नाहींसा झाला. ही क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्याच दिवशीं सुरू व्हावयास हवी होती. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. नंतर ताजी माती कालवलेलें थोडें पाणी ओतलें. क्रिया पुन्हा सुरू झाली. ज्या गोष्टीला गुंगी येते आणि जिचें बीं टाकतां येतें, ती सजीवच असली पाहिजे. अमोनियाचें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु त्या २० दिवसांत वाळूच्या कणांवर आपलें बिऱ्हाड थाटीत होते. हे २० दिवस, श्रोतेहो, ध्यानांत ठेवावे.

इंग्लंडांत रॉथॅम्स्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत हाच प्रश्न ज्यानें पुढें चालविला, त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो कांचपेटीवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. १८७८ पासून पुढें अनेक वर्षें प्रयोग करून त्यानें दाखविलें कीं, अमोनियाचें नायट्रेट एका दमांत होत नाहीं. आधीं त्याचें नायट्राइट होतें, मग नायट्राइटाचें नायट्रेट. आणि हीं दोन कामें दोन निरनिराळे जंतु करतात. १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे काढून त्यांवर शिक्कामोर्तब केलें. भांड्यांतील मासे कसे जगतात, हा बापाचा प्रश्न होता. शेतांतील मातींत नत्राचें काय होतें, हा मुलाचा. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशीं हेच जंतु होते.

आतां शिरूर-दौंडच्या कांचपेटीकडे वळूं. मासा जें खातो, त्यांतील नत्राचा मोठा भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत टाकतो. उरलेलें अन्न आणि विष्ठा कुजून त्यांत भर पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाहीं, आणि माशाला मारण्याइतका झाला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाहीं. नदींत प्रत्येक गोट्यावर, प्रत्येक बुडालेल्या पानावर जंतूंचा बुळबुळीत थर असतो. तो अमोनिया होतांच गिळून टाकतो. नव्या पेटींत कांच नवी, वाळू धुतलेली, पाणी नळाचें. तो थर तेथें नसतो. मासे पहिल्या दिवसापासून अमोनिया सोडूं लागतात, आणि तो खाणारे जंतु पुरेसे वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळांत आधीं अमोनिया चढतो. तो उतरूं लागला कीं नायट्राइट चढतें. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. नायट्राइट रक्तांत शिरून त्याला तपकिरी करतें, आणि मग पाण्यांत प्राणवायु भरपूर असूनही मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करीत राहतो. पाणी आरशासारखें दिसतें, कारण त्यांत अजून कांहीं वसलेलेंच नसतें. नवें पाणी म्हणजे शुद्ध पाणी अशी आपली कल्पना असते. माशाच्या दृष्टीनें तें नुसतें कोरें पाणी असतें.

येथें आपली टापटीपच आडवी येते. एक मासा मेला कीं घरांतील मंडळी पेटी रिकामी करतात, वाळू खळखळून धुतात, कांच घासतात आणि सगळें पाणी बदलतात. जे थोडे जंतु वसूं लागले होते तेही मोरींत वाहून जातात, आणि श्लोएसिंगच्या नळींतले दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. मग नवे मासे येतात आणि तेही त्याच वाटेनें जातात. दुकानदार बदलला तरी फरक पडत नाहीं, कारण दोष बहुधा माशांत नसतोच.

शिरूर-दौंडकडे या संकटाला येथल्या पाण्याची आणि उन्हाचीही जोड मिळते. पाण्याचा आम्लपणा वा अल्कपणा एका मापपट्टीवर मोजतात. ७ हा मध्य, त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. पाण्यांतील अमोनिया दोन रूपांत असतो, एक माशाला फारसें न बाधणारें आणि दुसरें विषारी. २५ अंश उष्णमानाला, मापपट्टीवर ७ असतां, शंभरांतला एक भागही विषारी रूपांत नसतो. ८ असतां सुमारें ५ भाग, आणि साडेआठ असतां सुमारें १५ भाग विषारी असतात. उष्णमान वाढलें कीं हें प्रमाणही वाढतें. दख्खनच्या काळ्या खडकांतून झिरपणारें विहिरींचें आणि विंधनविहिरींचें पाणी बहुधा जड आणि अल्काकडे झुकलेलें असतें. येथला चैत्र-वैशाख तर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांत आणखी, ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंशांला एका लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांला सुमारें साडेसातच. म्हणून मऊ आणि थंड पाण्यांत जेवढा अमोनिया मासा सोसून नेईल, तेवढाच येथें त्याचा घात करतो.

माशाच्या प्रवासाचीही अशीच हकीकत आहे. शोभेच्या माशांच्या पैदाशीचीं मोठीं केंद्रें कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागांत आहेत. तेथून व्यापाऱ्यांच्या हातांतून हातांत जात मासा पुण्यामुंबईच्या दुकानांत आणि तेथून आपल्या घरीं पोहोंचतो. या टप्प्यांवर तो बंद पिशवींत असतो. तेथें त्याच्या श्वासानें कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी आम्ल होतें, आणि त्या आम्लपणामुळें साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपांत राहतो. पिशवी उघडली कीं तो वायु उडून जातो, पाणी पुन्हा अल्काकडे वळतें, आणि तोच अमोनिया थोड्याच वेळांत विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून तींत तासन् तास थेंब थेंब पाणी घालीत बसणें हा उपकार नव्हे. बंद पिशवी १५-२० मिनिटें पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णमान समान होतें. मग ती उघडून मासा लगेच जाळीनें उचलावा व पेटींत सोडावा. पिशवींतलें पाणी मात्र बाहेर ओतून द्यावें.

इतकें समजल्यावर अज्ञात वाटणाऱ्या मरणाचीही चौकशी करतां येते. ताप कोणत्या दिवसापासून आहे, हें वैद्य आधीं विचारतो. तसें येथें मरणाची वेळ ही पहिली साक्ष होय. मासे पहिल्या कांहीं तासांत किंवा एका दिवसांत गेले, तर संशय उष्णमानाच्या धक्क्यावर, निराळ्या जातीच्या पाण्यावर किंवा नळाच्या पाण्यांतील क्लोरीन वायूवर घ्यावा. क्लोरीन रुंद भांड्यांत पाणी एक दिवस उघडें ठेवल्यानें बहुतेक उडून जातो. क्लोरॅमीन हें त्याचें संयुग मात्र तसें जात नाहीं. जुन्या छायाचित्रकारांच्या काळोख्या खोलींत ‘हायपो’ म्हणून जो सोडियम थायोसल्फेट असे, तो क्लोरीनला तत्काळ निकामी करतो, आणि दुकानांत मिळणाऱ्या क्लोरीनरोधक थेंबांत बहुधा तोच असतो. मासे तिसऱ्या दिवसापासून पुढें एकामागून एक गेले, तर कारण बहुधा अमोनिया किंवा नायट्राइट. अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागले, तर तो संसर्गाचा रोग. फुके या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७६ सालीं वर्णिलेला हा परोपजीवी माशाच्या अंगांत वाढतो, तळाशीं पडून तेथें असंख्य होतो, आणि पुन्हा मासा शोधतो. म्हणून नवा मासा जुन्यांत मिसळण्यापूर्वीं दोनतीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवणें हाच शहाणपणा. आणि रात्रींतून वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला व सकाळीं सर्वच मासे एकदम मेलेले आढळले, तर प्राणवायु संपला असें समजावें.

हा इतिहास विनोग्राडस्कीपाशीं थांबला नाहीं. कांचपेटींत नायट्राइटाचें नायट्रेट करणारा जंतु ‘नायट्रोबॅक्टर’ होय, असें पुस्तकांतून शिकविलें जात असे. १९९८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं गोड्या पाण्याच्या पेट्या तपासून दाखविलें कीं, तेथें तें काम ‘नायट्रोस्पायरा’ नांवाचे वेगळेच जंतु करतात. २००५ सालीं सिॲटल शहराच्या मत्स्यालयांतील टाकींतून अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढण्यांत आला, तो तर जीवाणूंच्याही वर्गांतला नव्हता; ‘आर्किया’ या निराळ्याच वर्गांतला निघाला. २०१५ सालीं हीं दोन्ही कामें एकट्यानें करणारे नायट्रोस्पायरा सांपडले, आणि त्यांतले कांहीं माशांच्या पैदाशीच्या टाकीला जोडलेल्या गाळणींत सांपडले. दोन कामांना दोन जंतु हा धाकट्या वॉरिंग्टनचा नियम त्यामुळें सर्वत्र लागू राहिला नाहीं. मातीच्या अभ्यासानें माशांचें कोडें सोडविलें होतें. पुढें माशांच्या टाकीनें मातीच्या शास्त्रांत भर घातली.

आतां उपाय. तो आपल्या घरांत कोणाला फारसा समजावून सांगावा लागणार नाहीं. विरजण घातल्यावांचून दुधाचें दही होत नाहीं, आणि घातल्यावरही रात्र जाऊं द्यावी लागते. श्लोएसिंगच्या नळींत ओतलेलें मातीचें पाणी हें विरजणच होतें. पेटी घरीं आली म्हणजे तींत वाळू व क्लोरीन काढलेलें पाणी घालावें, गाळणी व हवेचा पंप सुरू करावा, आणि मासे आणूं नयेत. ज्याची पेटी जुनी व निरोगी आहे अशा परिचिताकडून मूठभर वाळू किंवा गाळणींतला स्पंजाचा तुकडा ओलाच आणून तींत ठेवावा. रोज चिमूटभर खाणें रिकाम्या पेटींत टाकीत जावें. तें कुजून होणाऱ्या अमोनियावर जंतु वाढतात. पाणी तपासण्याची साधनें आतां दुकानांत मिळतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं म्हणजे पाणी मुरलें असें समजावें. मग एकदोन मासे आणावे, पंधरा दिवसांनीं आणखी एकदोन. येथील जड पाणी गप्पी आणि मॉली या जातींना चांगलें मानवतें; ॲमेझॉनच्या मऊ पाण्यांतल्या चिमुकल्या टेट्रांना तें सोसत नाहीं. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावें, सगळें कधींही नाहीं. आणि गाळणी धुवावयाची ती पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत.

ज्यांच्याकडे मासे आधींच आलेले आहेत आणि मरूं लागले आहेत, त्यांनींही हात टेकूं नयेत. खाणें एकदोन दिवस बंद करावें. मासा तेवढ्यानें उपाशी मरत नाहीं. रोज चौथा हिस्सा ते अर्धें पाणी, उष्णमान जुळवून आणि क्लोरीन काढून, बदलावें. हवेचा पंप जोरानें चालवावा. नायट्राइट चढलें असेल तर पाण्यांत अगदीं थोडें मीठ घातल्यानें त्याचा रक्तांतील शिरकाव कमी होतो. वाळूला हात लावूं नये, आणि गेलेल्या माशांच्या जागीं नवे मासे आणूं नयेत. सोनेरी मासा नीट सांभाळला तर दहा वर्षें, कधीं वीस वर्षेंही जगतो. त्याला पंधरा दिवसांचा पाहुणा समजणें हा त्याच्यावर अन्याय आहे. मासे पाळावयाचे असतील तर आधीं महिनाभर पाणी पाळावें, एवढाच या सर्व इतिहासाचा व्यवहारांतला अर्थ.

पेटीचा कंटाळा आला, तर त्यांतले मासे घोडनदींत किंवा भीमेंत सोडून देण्याचा मोह मात्र आवरावा. १९५२ सालीं भारतांत आणलेला तिलापिया, ज्याला आपल्याकडे चिलापी म्हणतात, तो उजनीच्या जलाशयांत कसा माजला हें तेथील मच्छीमारांना ठाऊक आहे. साइक्सनें नोंदलेल्या देशी माशांच्या वाट्याला आणखी परके स्पर्धक नकोत. त्यांच्यापुढें संकटें आधींच पुष्कळ आहेत. पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांतलें पुरतें शुद्ध न झालेलें सांडपाणी मुळामुठेंतून येऊन रांजणगांव सांडस येथें भीमेला मिळतें, दौंडावरून पुढें जातें आणि उजनींत साठतें. नदींतल्या गोट्यांवरचे जंतु तेंच काम करीत असतात जें पेटींतले जंतु करतात. पण त्यांच्याही शक्तीला मर्यादा आहे, आणि त्या कामाला प्राणवायु लागतो. भार त्या मर्यादेपलीकडे गेला म्हणजे प्राणवायु संपतो, अमोनिया साठतो, आणि जें चार माशांच्या पेटींत घडतें तेंच नदीच्या डोहांत घडतें. फरक इतकाच कीं, पेटीचें पाणी आपण बदलूं शकतों. ज्या घरांतील मुलांनीं पाणी मुरूं देण्याची वाट महिनाभर पाहिली असेल, त्यांना भीमेच्या पाण्याची ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं.